धागा: आईचा कल्चर रिपोर्ट, गुलाबी बोंडअळी आणि "शरीराले सवय झाली" म्हणजे नेमकं काय?

पराटीवाला | सोमवार, रात्री ९:४८

नमस्कार राजेहो, लई दिवसांनी धागा काढून रायलो. विषय दवाखान्याचा हाये पण शेवटी वावरातच जाईन असं वाटते, म्हून पूर्ण वाचा.

आईले दिवाळीच्या आधी उन्हाळी लागली. लघवीले जळजळ, रातच्यान सात-आठदा उठणं, मंग थंडी वाजून ताप. गावातल्या डॉक्टरनं (डिग्री इचारू नोका) एक सुई टोचली अन पाच दिवसाच्या गोळ्या देल्या. दोन दिवसात बरं वाटलं, तर बाईनं उरलेल्या गोळ्या ठेवून देल्या, "कामात पडतीन" म्हणून. आठ दिवसांनी पुन्हा तेच. या खेपेला म्याच मेडिकलमधून आणल्या, जुन्याच चिठ्ठीवर. थोडं बरं, अन पुन्हा जैसे थे. तिसऱ्यांदा तालुक्याले नेलं तर तिथल्या मॅडमनं गोळी लिहायच्या आधी लघवीचं कल्चर (लघवीतले जंतू वाढवून थे कोणत्या औषधानं मरते हे पाहाची तपासणी) सांगितलं. तीन दिवसांनी कागद हातात आला. वर जंतूचं नाव, ई. कोलाय. खाली पंधरा-वीस औषधांची यादी अन हरेक नावासमोर एकच अक्षर. ॲम्पिसिलिन आर, सिप्रोफ्लॉक्सासिन आर, सेफिक्झिम आर, आर, आर, आर, बोट खाली सरकवत सरकवत गेलो तवा नायट्रोफ्युरँटॉइनसमोर एस दिसला. आर म्हणजे जंतू औषधाले जुमानत नाही, एस म्हणजे मरते. जे आम्ही दोनदा चारलं थे दोन्ही आर मधलं.

आई म्हणे, "शरीराले सवय झाली औषधाची, बिडीवाल्याले बिडीची होते तशी." म्या म्हणलं तसं नाई, जंतू शिकले, औषध ओळखाले लागले. लॅबमधला पोरगा हसला, म्हणे काका दोघंही चूक. पण मागं लाईन लागलेली, त्याले सांगाले टाइम नोहता.

तर बरोबर काय हाये? अन मले सारखी गुलाबी बोंडअळी आठवून रायली. बीटी कपाशीचं बियाणं (अळीले मारणारं विष झाडातच बनते थे) आलं तवा अळी मरे, आता बोंड फोडलं का आतमंदी गुलाबी पाहुणी बसलेली. हे दोन्ही एकच प्रकरण हाये का?

कासरा_तुटला | ९:५५

पहिले माउली कशी हाये थे सांग बे. ग्यान मंग देऊ.

पराटीवाला | १०:०२

बरी हाये. नवीन गोळ्या चालू होऊन चार दिवस झाले. लघवी पिवळीजर्द होते म्हणून घाबरली होती, मॅडम म्हणल्या त्या गोळीनं तसं होतेच.

वावरातला_मास्तर | १०:४०

पराटीवाले भाऊ, मी तालुक्याच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो, म्हणजे ही माझी रोजची भाजीभाकरी. लॅबवाला पोरगा बरोबर बोलला. सवय तुमच्या आईच्या शरीराला झालेली नाही, गोळी शरीरावर चालतच नाही, ती जंतूवर चालते. आणि जंतू शिकलेही नाहीत. जंतूला डोकं नाही, त्याच्या आयुष्यात त्याने औषध पाहिलं की तो मरतो नाहीतर जगतो, शिकायला सवड कुठली.

मग झालं काय? जरा हिशोब मांडू. ई. कोलायला चांगलं खायला-प्यायला मिळालं तर २० मिनिटांत एकाचे दोन होतात. १० तासांत ३० वेळा दुप्पट, म्हणजे एकाचे १०७ कोटी. (शरीरात एवढ्या वेगाने होत नाही, पण अंदाज यावा म्हणून.) प्रत्येक वेळी त्याला आपल्या डीएनएची नक्कल काढावी लागते, आणि नक्कल म्हटली की चूक आली. तलाठ्याच्या हाताने सातबारा उतरवायचे तेव्हा नावात काना-मात्रा सुटायची ना, तसंच. बहुतेक चुका फुकट जातात, काही जंतूलाच मारतात. पण करोडोंमध्ये एखादी चूक अशी पडते की औषध जिथे चिकटतं ती जागाच जरा वाकडी होते आणि औषध चिकटत नाही. ही चूक औषध यायच्या आधीच पडून असते, योगायोगाने. तेव्हा तिचा काही फायदा नसतो, उलट तो जंतू बाकीच्यांपेक्षा थोडा मंदच वाढतो.

मग तुम्ही गोळी देता. साधे मरतात, तो एक राहतो. खायला भरपूर, वाटेकरी कोणी नाही. दोन दिवसांनी जे पीक उभं राहतं ते सगळं त्याच्याच वंशाचं.

आपले बाप-आजे काय करायचे? ज्वारीचं खळं लागलं की चांगली भरलेली कणसं वेगळी काढून बियाण्याला ठेवायचे. ज्वारीला कोणी शिकवलं नाही मोठं दाणं धर म्हणून, आपण निवडत गेलो. इथे आपण गोळी देऊन नेमकं जंतूंचं बियाणं राखून ठेवतोय. फरक एवढाच की ज्वारीचा हंगाम वर्षाला एक आणि यांचे दिवसाला कितीतरी.

कासरा_तुटला | १०:५२

सर हे पटलं पण "चूक आधीच पडून असते" हे कोणी पाह्यलं? औषधामुळेच चूक पडत असन तर? फवारा मारला का झाडाले चट्टे पडते तसं.

वावरातला_मास्तर | ११:२५

कासरा, झकास प्रश्न. यावर काम करणाऱ्यांना पुढे नोबेल मिळालंय. १९४३ मध्ये साल्वादोर लुरिया आणि माक्स डेलब्रुक यांनी हे तपासलं. औषधाऐवजी त्यांनी जंतूंना मारणारा विषाणू वापरला होता, पण प्रश्न हाच. त्यांनी बऱ्याच नळ्यांत थोडेथोडे जंतू घालून वेगवेगळे वाढवले आणि मग प्रत्येक नळीतले विषाणूच्या थाळीवर ओतले. आता विषाणू दिसल्यावरच जंतू बदलत असतील तर प्रत्येक थाळीवर साधारण सारखेच वाचायला पाहिजेत, चार इथे, पाच तिथे. प्रत्यक्षात कित्येक थाळ्या कोऱ्या आणि एखाद्या थाळीवर ढीगच्या ढीग. म्हणजे ज्या नळीत ती चूक लवकर पडली तिथे तिचा वंश आधीच वाढून बसला होता, विषाणूची भेट व्हायच्या कितीतरी आधी. लुरियाला ही युक्ती एका नाचगाण्याच्या कार्यक्रमात जुगाराच्या मशीनवर खेळणाऱ्या सहकाऱ्याला पाहून सुचली, बराच वेळ काहीच नाही आणि मग एकदम खणखण.

आणि १९५२ मध्ये जोशुआ आणि एस्थर लेडरबर्ग या नवरा-बायकोने तर मखमलीच्या कापडाने दाखवलं. ठोकळ्यावर मखमल ताणायची, जंतूंच्या थाळीवर हलकेच दाबायची, धाग्यांच्या टोकांना जंतू लागतात, मग तीच मखमल औषधाच्या थाळ्यांवर एकामागे एक ठेवायची, ठप्पा मारल्यासारखी. वाचलेले जंतू सगळ्या थाळ्यांवर त्याच त्या जागी उगवले. मग मूळ थाळीवर, जिने औषध कधी पाहिलंच नव्हतं, त्या जागेजवळचे उचलले तर औषधाला न जुमानणारे तिथूनच मिळाले. मी दरवर्षी वर्गात हा प्रयोग सांगतो, आणि दरवर्षी एक तरी पोरगं विचारतं सर मखमल कुठून आणली. असो.

एक मात्र, कासराचं अगदीच चूक नाही, काही औषधांच्या ताणाने चुका पडायचं प्रमाण थोडं वाढतं. पण कोणती चूक पडावी हे औषध ठरवत नाही.

धुऱ्यावरची_बाभूळ | मंगळवार, सकाळी ६:३०

पराटीवाला भाऊ, अळीवाल्या भागावर मी बोलते. घरची पंधरा एकर पराटी (कपाशी) आहे, अन बीएस्सी ॲग्री अकोल्याले केली, म्हणून दोन्हीकडून शिव्या खाते.

बीटीचं पहिलं वाण आपल्या देशात २००२ मध्ये आलं, त्यात विष बनवणारं एकच जीन (जनुक), क्राय१एसी. २००६ मध्ये दोन जीनवालं आलं, बीजी-२. विचार बरोबर होता, एका कुलपाऐवजी दोन. सोबत बियाण्याच्या पाकिटात १२० ग्रॅमची वेगळी पुडी यायची, आठवते? सगळे तिले रेफ्युजी म्हणायचे. ती बिनबीटीची सरकी चौफेर धुऱ्याने पाच ओळी, नाहीतर एकूण पराटीच्या २० टक्के, जे जास्त होईल तेवढी लावायची होती. आमच्या गावात कोणी लावली? आमच्या बाबांनी ती पुडी बांधावर फेकली, शेजारच्यांनी नांग्या भरायले वापरली, एकाने तर ढेपीत मिसळून बैलाले चारली. कोण आपल्या हाताने अळीले जेवण वाढते? अन काही पाकिटात त्या जागी तूर यायची, हिरव्या बोंडअळीपुरतं ते चालून जाते कारण ती तूरही खाते, पण गुलाबीचं सगळं आयुष्य पराटीवर, तिले तुरीचा काय उपयोग?

त्या पाच ओळींचं काम असं की तिथे साध्या अळ्या जगाव्या, त्यांचे पतंग व्हावे. बीटीतून वाचलेला एखादा पतंग मग त्या साध्या पतंगांशीच जुळावा अन पोरं पुन्हा बीटीले मरणारी निघावी. बीटीले न मरायचा गुण सहसा आई अन बाप दोघांकडून आला तरच कामात येतो, एकाकडून आला तर दबून राहतो. धुरे रिकामे ठेवले, म्हणून वाचलेल्याले वाचलेलीच भेटली. गुजरातेत आधी एका जीनले, मग २०१४-१५ च्या सुमारास दोन्ही जीनले गुलाबी पुरून उरली, अन २०१७ मध्ये आपल्याकडे काय झालं ते सगळ्यायले माहीत आहे. बोंडं किडली, लोकांनी फवारे वाढवले, यवतमाळात त्याच साली फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली. मी त्यावर जास्त लिहीत नाही.

अजून एक आपली हौस म्हणजे फरदड. डिसेंबरात पराटी उपटायची सोडून पाणी देऊन मार्चपर्यंत ठेवायची. तोवर झाडातलं बीटीचं विष कमी होत गेलेलं असते, म्हणजे अळीले जेवणही मिळते अन अर्धवट विषही. भाऊ, तुझ्या आईनं ठेवून दिलेल्या गोळ्या अन आपली फरदड, मले तर यात काही फरक दिसत नाही.

पराटीवाला | सकाळी ७:१०

फरदडीचं लागलं ताई. मागच्या सालापर्यंत ठेवत होतो.

जुनाट_खोड | सकाळी ८:०५

हे सगळं कंपन्यांचं नाटक आहे. आधी औषध विकायचं मग ते चालत नाही म्हणून महाग औषध विकायचं. आमच्या आजीच्या काळी हे रेझिस्टन्स-फेझिस्टन्स काही नव्हतं, गुळवेल उकळून प्यायचे अन नव्वद वर्षं जगायचे.

कासरा_तुटला | ८:११

काका, आजी नव्वद जगली हे खरं, पण तिची अकरातली पाच लेकरं पाळण्यातच गेली हे तुमीच मागच्या धाग्यात लिवलं होतं.

वावरातला_मास्तर | ८:५०

खोडकाका, कंपन्यांना शिव्या द्यायला मी तुमच्या आधी उभा राहीन, पण हे नाटक तुमच्या आजीच्याच काय, माणसाच्याही आधीचं आहे. कॅनडातल्या युकॉन भागात ३० हजार वर्षं गोठलेल्या मातीत शास्त्रज्ञांना औषध निकामी करणारी जनुकं सापडली, २०११ मध्ये ते छापून आलं. अमेरिकेतल्या लेचुगिया नावाच्या गुहेत लाखो वर्षं बाहेरच्या जगापासून तुटलेले जंतू आहेत, तेही कित्येक प्रतिजैविकांना दाद देत नाहीत. कारण बहुतेक प्रतिजैविकं माणसाने शून्यातून बनवलेली नाहीतच, मातीतल्या बुरशा आणि जंतू एकमेकांशी भांडायला ती बनवतात. पेनिसिलिन बुरशीचं, स्ट्रेप्टोमायसिन मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस नावाच्या जंतूचं. पहिल्या पावसात मातीचा जो वास येतो ना, तो याच स्ट्रेप्टोमायसिस मंडळींचा. म्हणजे तलवारही जुनी आणि ढालही जुनी. आपण फक्त तलवारीचे कारखाने काढले.

आणि इशारा मिळाला नव्हता असंही नाही. फ्लेमिंगला पेनिसिलिन १९२८ मध्ये दिसलं. १९४० मध्येच, पेनिसिलिन बाजारात यायच्या आधी, अब्राहम आणि चेन यांनी ते मोडून टाकणारं जंतूतलं एन्झाइम नोंदवलं होतं. १९४५ च्या नोबेलच्या भाषणात फ्लेमिंगने एका माणसाची काल्पनिक गोष्ट सांगितली, घसा दुखतो म्हणून तो स्वतःच पेनिसिलिन आणतो, पुरेसं घेत नाही, जंतू मरत नाहीत पण तयार होतात, ते बायकोला लागतात आणि ती जाते. गंमत म्हणजे त्यानेही जंतूंना "शिकवलं" असाच शब्द वापरला. तेव्हा पराटीवाले, तुमची चूक मोठ्या माणसाच्या पंगतीतली आहे.

मेडिकलवाला_बावा | दुपारी २:२०

दुकानात गर्दी नाही म्हणून लिहितो. मले सगळे शिव्या देतीन, पण एकदा या काउंटरवर उभं राहून पाहा. सकाळी आठले बाई येते, लेकराले ताप, हातात जुनं रिकामं पाकीट, "यातल्या दोन द्या". म्या म्हणलं ताई डॉक्टरले दाखव, तर म्हणते ऑटोचे ऐंशी रुपये, डॉक्टरची फी, अन आजचा निंदणाचा रोज बुडते थे वेगळंच. दोन गोळ्या तीस रुपयात होते. म्या नाही देल्या तर समोरचा देते.

२०१४ पासून एच-१ चा नियम आहे, भारी अँटिबायोटिक अन टीबीची औषधं चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत, रजिस्टरमंदी पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव, किती देल्या, सगळं लिहायचं अन ते रजिस्टर तीन वर्षं सांभाळायचं. म्या लिहितो. पण साध्या अमॉक्सिसिलिनले तो एच-१ लागत नाही, चिठ्ठी तिलेही पाह्यजेच म्हणा, पण इचारते कोण. पाकिटाच्या मागं उभी लाल रेघ असते पाहा, ती चिठ्ठीशिवाय खाऊ नका अशी खूण आहे. गिऱ्हाईक म्हणते लाल रेघ म्हणजे पावरवाली गोळी, तीच द्या.

कासरा_तुटला | २:२८

लाल रेघ म्हणजे पावरवाली 😂 आमच्या घरी बी हेच समजतात.

उपकेंद्रातली_ताई | संध्याकाळी ६:४५

मी एएनएम म्हणजे उपकेंद्रातली नर्स आहे, गाव सांगत नाही. टीबीचं सांगते कारण मास्तरांचं गणित मला ट्रेनिंगमध्ये सांगितलं तेव्हाच कुठे डोक्यात उजेड पडला. टीबीच्या जंतूत आयसोनियाझिडला न जुमानणारा साधारण दहा लाखांत एक असतो आणि रिफाम्पिसिनला न जुमानणारा दहा कोटींत एक. फुप्फुसात एक मोठा पोकळ खड्डा पडला की त्यात कोट्यवधी जंतू असतात, म्हणजे एकच गोळी दिली तर वाचणारे त्यात आधीच बसलेले आहेत. पण दोन्ही गोळ्यांना एकदम पुरून उरणारा सापडायला १०० लाख कोटींत एक एवढी शोधाशोध करावी लागेल, तेवढे जंतू माणसाच्या अंगात मावतच नाहीत. म्हणून सुरुवातीला चार औषधं एकत्र. स्ट्रेप्टोमायसिन नवीन होतं तेव्हा इंग्लंडात एकटंच देऊन पाहिलं होतं, १९४८ मध्ये ते छापून आलं, पेशंट आधी सुधारले आणि मग बऱ्याच जणांचे जंतू औषधाला न जुमानणारे निघाले.

आमच्याकडे एक दादा होता, वीटभट्टीवर कामाला. दोन महिन्यांत खोकला थांबला, वजन वाढलं, गडी भट्टीच्या हंगामाला बाहेर जिल्ह्यात निघून गेला. गोळ्या सोबत दिल्या होत्या, पत्नीने नंतर सांगितलं त्यांनी एक रंगाच्या खाल्ल्या, दुसऱ्या रंगाच्या खाऊन मळमळायचं म्हणून फेकल्या. म्हणजे सगळी औषधं एकदम जंतूंपर्यंत पोचलीच नाहीत. परत आला तेव्हा एमडीआर, म्हणजे मुख्य औषधांना न जुमानणारा टीबी. आता एकाच गोळीत सगळी औषधं घालून देतात आणि २०१७ पासून दिवसाआड ऐवजी रोज देतात, त्यामुळे असं रंग पाहून फेकणं कमी झालं. त्या दादाचं पुढे काय झालं ते नाही लिहीत.

बॉण्डवर_आलेला | रात्री ९:३०

मी पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्रात) डॉक्टर आहे, बॉण्डचं म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचं एक वर्ष. एक गोष्ट जरा उलटी वाटेल, पण लिहितो. "कोर्स पूर्ण करा" हे टीबीमध्ये दगडावरची रेघ, तिथे चर्चाच नाही. पण साध्या आजारात "जास्त दिवस खाल्लं म्हणजे रेझिस्टन्स कमी होतो" हे तितकं खरं नाही. गोळी फक्त लघवीतल्या जंतूपर्यंत जात नाही, ती आतड्यातल्या, त्वचेवरच्या, तोंडातल्या सगळ्या गरीब जंतूंपर्यंत जाते आणि तिथेही तीच निवड चालू होते. जितके जास्त दिवस, तितकी तिथली निवड जास्त. म्हणून अलीकडे कित्येक आजारांत कोर्स छोटे झाले आहेत. याचा अर्थ मनाने तिसऱ्या दिवशी बंद करा असा नाही, किती दिवस ते ज्याने तपासलं त्यालाच विचारा.

आणि काकूंच्या केसमध्ये मला तर वाटतं त्यांचा ई. कोलाय पहिल्या गोळीच्या आधीच आर असावा. दोन दिवस बरं वाटलं ते पाणी जास्त प्याल्याने किंवा तापाच्या गोळीने. सिप्रोला न जुमानणारा ई. कोलाय आता गावागावात कोणाच्याही पोटात निघतो, त्यासाठी त्या माणसाने स्वतः सिप्रो खाल्लेलं असायची गरज नाही. तुमची गोळी शेजाऱ्याच्या पोटात काम करते असं समजा, आपण न फवारलेल्या वावरातही शेजाऱ्याच्या धुऱ्यावरून फवाऱ्याला न जुमानणारी अळी येतेच ना.

खरी बोंब वेगळीच आहे. ओपीडीत शंभरातले कितीतरी सर्दी-खोकल्याचे, ते विषाणूचे, अँटिबायोटिक तिथे शून्य कामाचं. आणि पेशंट म्हणतो साहेब सुई नाही दिली म्हणजे डॉक्टर कच्चा.

धुऱ्यावरची_बाभूळ | ९:४४

म्हणजे डॉक्टरसाहेब, पूर्ण फरदड टाळा पण गरजेपुरतंच फवारा. आमचे सर आर्थिक नुकसानीची पातळी म्हणून हेच शिकवायचे, अळी दिसली की फवारा नाही, सापळ्यात मोजा अन मग ठरवा.

दुधाळ_जनावर | रात्री १०:१५

कोणी गुराढोरांचं बोलतच नाही म्हणून मी. म्हशीले दगडी (कासेची सूज) झाली का काय करतो आपण? सडात ट्यूब सोडतो, तीन दिवस दूध डेअरीले द्यायचं नाही असं लिहिलेलं असते अन दुसऱ्या दिवशीच घालतो. म्याही घातलंय, खोटं कायले बोलू. ब्रॉयलरवाले तर कोंबडी आजारी नसतानाही पाण्यातून देत होते, वजन लवकर भरते म्हणून. कोलिस्टिन नावाचं औषध, जे मोठ्या दवाखान्यात आयसीयूत शेवटचा उपाय म्हणून ठेवतात, ते आपल्याकडे कोंबडीच्या खाद्यात चालायचं, सरकारनं २०१९ मध्ये बंद केलं.

अन पराटीवाल्यांनो, करप्यावर कॉपर ऑक्सिक्लोराइडसोबत ती छोटी पुडी टाकता ना पंपात, स्ट्रेप्टोसायक्लिन? त्यात काय आहे वाचलं का कधी? स्ट्रेप्टोमायसिन अन टेट्रासायक्लिन. ताईंनी वर जे टीबीचं औषध सांगितलं तेच, आपण संत्र्यावर मारून रायलो. २०२१ च्या डिसेंबरात केंद्रानं ते शेतीतून टप्प्याटप्प्यानं काढायचा मसुदा काढला.

पराटीवाला | १०:२१

अरे देवा. माह्या कोठ्यात दोन पुड्या पडून हायेत.

वावरातला_मास्तर | १०:५८

दुधाळ यांनी कोलिस्टिन काढलं ते बरं झालं, कारण बाभूळताईंच्या अळीची तुलना तिथे येऊन थांबते आणि ते सांगणं मला भाग आहे. (ताई रागावू नका.)

अळीला गुण मिळतो तो आई-बापाकडूनच. जंतूंना आई-बाप नाहीत, एकाचे दोन, बस. म्हणून तुमचा धुऱ्याच्या पाच ओळींचा उपाय, साध्याशी लग्न लावून गुण पातळ करायचा, जंतूत तसाच्या तसा चालत नाही. उलट त्यांच्याकडे एक भानगड आहे जी अळीकडे नाही. जंतूच्या मुख्य डीएनएशिवाय छोटी गोल डीएनएची कडी असते, प्लास्मिड. एक जंतू दुसऱ्याला चिकटतो, मध्ये नळी टाकतो आणि त्या कडीची झेरॉक्स देऊन मोकळा. तो दुसरा त्याच्या जातीचाच असावा असंही नाही. विचार करा, एका घरच्या म्हशीने शेजारच्या बकरीला नुसतं घासून जास्त दूध द्यायचा गुण देऊन टाकला तर! जपानात १९५० च्या दशकात हगवणीच्या जंतूत हे दिसलं, एकदम चार-चार औषधांना न जुमानणारे, कारण चारही ढाली एकाच कडीवर होत्या. एक औषध वापरा, चारही ढाली आपोआप निवडल्या जातात. पराटीवाले, तुमच्या कागदावर आर आर आर अशी रांग लागली ती बहुधा यामुळे, तुमच्या आईने ती सगळी औषधं कधी खाल्लीच नसतील.

कोलिस्टिन सुरक्षित वाटत होतं कारण त्याला न जुमानायचा गुण कडीवर बसून फिरतो असं कोणी पाहिलं नव्हतं. २०१५ मध्ये चीनमध्ये डुकरांत, मांसात आणि पेशंटमध्ये एमसीआर-१ नावाचं जनुक कडीवर सापडलं आणि सगळे हादरले. आपलं नाव लागलेलंही औषध निकामी करणारं एक जनुक आहे, एनडीएम, त्यातला एनडी म्हणजे न्यू दिल्ली. दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका पेशंटमध्ये २००८ साली सापडलं म्हणून. नावावरून आपल्याकडे बराच गदारोळ झाला, पण जनुकाला नावाचं काय पडलंय.

पुण्यात_अडकलेली | बुधवार, सकाळी ११:०५

मी मूळची दारव्ह्याकडची, आयटीत आहे, सगळा धागा एका दमात वाचला. एक बावळट प्रश्न, औषध वापरायचंच बंद केलं काही वर्षं तर जंतू पुन्हा साधे होतात का? मास्तर म्हणाले ना की तो वाकडा जंतू मंद वाढतो. मग औषध नसताना साध्यांनी त्याला मागे टाकायला पाहिजे.

वावरातला_मास्तर | दुपारी १:३०

बावळट नाही, मुद्द्याचा आहे. थोडंफार होतं. चीनने २०१७ मध्ये जनावरांच्या खाद्यातलं वाढीसाठीचं कोलिस्टिन बंद केलं आणि त्यानंतर डुकरांत आणि माणसांतही एमसीआर-१ चं प्रमाण खाली आलेलं दिसलं. ढाल जड असते, लढाई नसेल तर ती वाहणारा मागे पडतो. पण नेहमी नाही. कित्येकदा जंतूत दुसरी एखादी चूक पडते आणि ढालीचं ओझं हलकं होतं, मग तो औषध नसतानाही ताठ चालतो. शिवाय एकाच कडीवर चार ढाली असतील तर तुम्ही एक औषध थांबवलं तरी दुसऱ्या औषधाने ती कडी टिकून राहते.

हे घडताना डोळ्यांनी पाहायचं असेल तर २०१६ चा हार्वर्डचा प्रयोग शोध, व्हिडिओ आहे. दोन फूट बाय चार फुटांचा ट्रे, कडेला औषध नाही, आत टप्प्याटप्प्याने वाढत वाढत मध्यभागी हजारपट. कडेला ई. कोलाय सोडले. ते पसरत येतात, रेघेपाशी येऊन अडतात, धुऱ्याला अडलेल्या पाण्यासारखे, आणि मग एका ठिकाणाहून एक फाटा फुटतो आणि पुढच्या पट्ट्यात पंख्यासारखा पसरतो. पुन्हा अडतात, पुन्हा कुठून तरी फुटतात. साधारण ११ दिवसांत मध्यभागी. सगळी फौज शिकून एकदम पुढे सरकत नाही, दर रेघेवर एखादाच निसटतो आणि पुढची सगळी गर्दी त्याची पोरं. वर्गात हा व्हिडिओ लावला की पंखा फिरतो तेवढाच आवाज येतो.

पुण्यात_अडकलेली | १:४१

पाहिला. दोनदा पाहिला. स्टँडअप मीटिंगमध्ये.

जुनाट_खोड | दुपारी ३:००

व्हिडिओ पाहिला. ठीक आहे. गुळवेलीचं मी सोडत नाही पण.

पराटीवाला | शनिवार, रात्री ८:३५

सगळ्यायचे आभार. आईचं रिपीट कल्चर आलं, जंतू निघाले नाहीत. मॅडम म्हणल्या पुन्हा त्रास झाला तर आधी लघवी तपासा, मंग गोळी.

आज तिचा बिस्किटाचा पत्र्याचा डबा खाली काढला. आतमंदी काय काय निघालं सांगतो. सिप्रोच्या चार गोळ्या, सेफिक्झिमच्या तीन, बाबा होते तवाची अमॉक्सिसिलिनची अर्धी पट्टी, तारीख सहा साल आधी गेलेली, माह्या पोराचं कोरडं सिरप ज्याचा दगड झाला, अन एक पट्टी जिच्यावरचं नावच पुसलं गेलं, फक्त मागची लाल रेघ दिसते. सगळं चटईवर मांडून तिले मखमलीचं सांगितलं, कणसाचं सांगितलं, फरदडीचं सांगितलं. कणसावर मान हालवली तिनं, म्हणे आमी तसंच निवडत होतो. म्याही खुश, समजलं म्हणून. पिशवीत भरून उचलाले गेलो, मेडिकलवाल्या बावाले देऊन इचारतो का यायची इल्हेवाट कशी लावतात, तर हात धरला.

म्हणे, "फेकू नोको रे, बकरी दोन दिवसापासून खाऊन नाई रायली, तिले होतीन."

दुधाळ_जनावर | ८:४०

बकरीले काय झालं? शेण पातळ हाये का? गोळी देऊ नको, व्यक्तिगत निरोप कर.